हाताचं किती, यंत्राचं किती

वर्ध्याच्या बाजारात दाढीचं सामान विकताना रोज कानावर येणारा प्रश्न म्हणजे, ‘भाऊ, पहिल्यांदाच घेतोय, कोणतं रेझर द्याल?’ विचारणारे साधारण दोन तऱ्हांचे. एक नुकतीच दाढी फुटलेला विद्यार्थी, सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजचा, हिंदी विश्वविद्यालयाचा किंवा पुलगाव-देवळीकडून रोज ये-जा करणारा. दुसरा चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ. त्याला कार्ट्रिजच्या किमतीचा आणि मानेवर उठणाऱ्या लाल पुरळाचा कंटाळा आलेला असतो. ब्रश, साबण, दोन धारांचं ब्लेड या आजोबांच्या वाटेने जावं, असं त्याच्या मनाने घेतलेलं असतं. दोघांनाही वाटतं की प्रश्न धारेचा आहे, म्हणजे रेझर जितकं भारी तितकी धार भारी. पण धार असते पात्याला, आणि दोन धारांचं पातं कुठल्याही कंपनीचं घ्या, ते कुठल्याही कंपनीच्या रेझरात बसतं. लांबी सुमारे ४३ मिलिमीटर, रुंदी २२, जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. हे माप सगळीकडे एकच. मग रेझर घेताना माणूस नेमकं काय निवडतो? माझ्या मते दाढीचं कसब आपल्या हातात किती ठेवायचं आणि यंत्राकडे किती सोपवायचं, ही वाटणी तो निवडत असतो. मुठीची नक्षी, चमक, मखमली डबी हे सगळं त्यानंतरचं.

वस्तऱ्यात सगळं कसब हाताचं. पात्याचा कोन, दाब, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरणं, हनुवटीच्या वळणावर मनगट फिरवणं, यातलं काहीच वस्तरा स्वतः सांभाळत नाही. कार्ट्रिजचं नेमकं याच्या उलट. त्याचं डोकं गालाप्रमाणे आपोआप वळतं, कोन कारखान्यातच ठरून आलेला असतो, आणि हाताला फक्त वरून खाली ओढायचं काम उरतं. या दोन टोकांच्या मध्ये दोन धारांचं रेझर उभं आहे. बोटं कापू नयेत म्हणून पात्यापुढे आडकाठी लावण्याची कल्पना जिलेटच्या आधीचीच आहे. न्यूयॉर्कच्या केम्फे बंधूंनी १८८० मध्येच तसं रेझर काढलं होतं, पण त्यातलं जाड पातं वस्तऱ्यासारखंच पट्ट्यावर घासून धारेला लावावं लागे. किंग कॅम्प जिलेटने पातळ, स्वस्त, बोथट झालं की टाकून द्यायचं पातं मनात धरलं आणि विल्यम निकरसन या अभियंत्याने एवढ्या पातळ पोलादाला पाणी देण्याची रीत बसवली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझरं आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात मात्र अमेरिकी सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझरं घेतली गेली. खंदकात बसलेल्या शिपायाला ना न्हावी मिळणार होता, ना वस्तरा शिकायला सवड. धार लावण्याचं कसब यंत्राने त्याच्याकडून काढून घेतलं, कोन आणि दाब मात्र त्याच्याच हातात ठेवले. नवशिक्यासाठी मी हीच वाटणी योग्य मानतो, आणि का मानतो ते पुढे सांगतो.

आपली दाढी आपण करणं ही आज आवडीनिवडीची बाब वाटते. आपल्याकडे ती फार दिवस तशी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये साताऱ्याच्या घरचं सांगितलं आहे. गावात न्हावी होते, पैसेही देता आले असते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हता, म्हणून घरातल्या पोरांचे केस थोरली बहीण कापायची. गांधीजींनी आत्मकथेत प्रिटोरियातल्या गोऱ्या न्हाव्याने आपले केस कापायला नकार दिल्याचं लिहिलं आहे. मशीन विकत घेऊन त्यांनी आरशासमोर स्वतःच केस कापले. पुढची बाजू कशीबशी साधली, मागची पार बिघडली, आणि कोर्टातले मित्र खो खो हसले. दाढी करायला विलायतेला गेलेला प्रत्येक जण शिकतोच, हेही त्यांनी तिथेच नोंदवलं आहे. आणि त्या न्हाव्यावर रागावण्याचा आपल्याला हक्क नाही, कारण आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची हजामत करू देत नाही, असंही ते पुढे म्हणतात. हा माणूस पुढे १९३६ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आला. हे सगळं रेझरच्या गप्पांत कशाला, असं कोणी म्हणेल. माझं म्हणणं एवढंच की धंद्यात मुरलेल्या हाताची गरज न लागणारं हत्यार ज्या दिवशी सामान्य माणसाच्या हाती आलं, त्या दिवशी नकार देणाऱ्याचा एक अधिकार कमी झाला. न्हाव्याच्या कलेबद्दल मला आदर आहे, माझी कितीतरी विक्री त्यांच्यावरच चालते. पण हत्याराचं मोल ठरवताना ते शिकायला किती सोपं आहे हा मुद्दा मी धारेच्या वर धरतो, त्याचं मूळ इथे आहे.

आता वस्तू हातात घेऊन पाहू. तीन भागांचं साधं रेझर उघडलं की वरची टोपी, मधली बैठक आणि दांडा असे सुटे भाग होतात. टोपीच्या पोटाला मधोमध आट्यांचा खिळा असतो, बाजूला पातं अडकवायच्या खुंट्या असतात. पात्याची लांब फट त्यांच्यावर बसवायची, वर बैठक ठेवायची आणि खालून दांडा आवळायचा. आवळताना सपाट पातं टोपीच्या गोलाईवर वाकतं आणि ताठ होतं. मग रेझर उजेडात आडवं धरून टोकाकडून बघायचं. टोपीबाहेर पात्याची धार अगदी बारीक रेघेएवढी डोकावते आणि तिच्याखाली बैठकीची कड असते. धार आणि कड यांच्यामधली फट, आणि टोपी ते कड अशी कल्पनेतली सरळ रेषा ओढली तर धार तिच्या किती पुढे येते, या दोन गोष्टींवर रेझरचा सारा स्वभाव ठरतो. फट लहान आणि धार रेषेच्या आत असेल तर रेझर मवाळ, फट मोठी आणि धार पुढे आलेली असेल तर तिखट. नंतर ते उलटवून वरून बघायचं. दोन्ही बाजूंना धार टोपीला समांतर आणि सारखीच दिसली पाहिजे. स्वस्त ओतीव मालात एका बाजूला ती जास्त डोकावते. असं रेझर एका गालावर मऊ चालतं आणि दुसऱ्यावर ओरखडतं, आणि नवशिका बिचारा स्वतःच्या डाव्या हाताला दोष देत बसतो. दुकानात नुसत्या डोळ्याने होणारी ही तपासणी बहुतेक गिऱ्हाईक करत नाही. ते दांड्यावरची नक्षी बघतं.

नवशिक्याने मवाळ, सलग कडेचं, तीन भागांचं रेझर घ्यावं, ही माझी शिफारस. मवाळ रेझर चुका पोटात घालतं. कोन जरा चुकला तरी आधी कड कातडीला टेकते, धार नंतर. हात कोन शोधत असताना गालाची किंमत मोजावी लागत नाही. आणि तीन भाग अशासाठी की त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. दांडा पिळला की झाकणासारखी दोन दारं उघडणारी रेझरं दिसायला सुंदर आणि पातं बदलायला सोयीची असतात, पण त्या सांध्यांत साबण बसतो. फट कमीजास्त करायची चकती असलेल्या रेझरांबद्दल मुलांना फार उत्सुकता असते. शिकताना मात्र ती चकती घातक. आज आकडा तीन, उद्या पाच, परवा नवं पातं. चौथ्या दिवशी कापलं तर ते आकड्याने, पात्याने की हाताने, हे कळायचं कसं? शिकताना एका वेळी एकच गोष्ट बदलली तर शिकणं होतं. म्हणून रेझर तेच, पातं तेच, साबण तोच, बदलेल तो फक्त हात. हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं आणि त्यात माझी विक्रीही कमी होते, पण परत येऊन तक्रार करणारं गिऱ्हाईकही कमी होतं.

पहिला आक्षेप कार्ट्रिजवाल्यांचा. यंत्र सगळंच करत असेल तर हाताला कशाला शिणवायचं? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. दोन मिनिटांत आटोपून एसटी पकडायची असेल तर कार्ट्रिज सोयीचंच. पण त्याच कंपनीचा अनुभव बघा. जिलेटने २००२ च्या सुमारास भारतासाठी ‘व्हेक्टर’ काढलं. पात्यांत अडकलेले केस ढकलून काढायला त्यात एक पट्टी होती. चाचणी घेतली ती अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर, आणि त्यांना ते आवडलंही. भारतात आल्यावर लक्षात आलं की इथला माणूस नळ सोडून दाढी करत नाही, पेल्यातल्या किंवा मग्यातल्या पाण्यात रेझर बुडवतो, आणि तेवढ्या पाण्याने ती पट्टी काही केस काढत नाही. मग घरोघरी बसून लोक दाढी कशी करतात ते पाहिलं गेलं आणि २०१० मध्ये ‘गार्ड’ आलं. रेझर १५ रुपयांना, कार्ट्रिज ५ रुपयांना, पातं एकच, आणि धुवायला मोकळी जागा. म्हणजे जगाला तीन-तीन, पाच-पाच पाती विकणाऱ्या कंपनीलाही आपल्या मग्यापुढे एका पात्यावर यावं लागलं. दोन धारांचं रेझर हे आधीपासूनच करत आलं आहे. एक पातं, दोन्ही बाजूंनी उघडं, मग्यात दोनदा हिसडलं की स्वच्छ. दुसरी गोष्ट कातडीची. एकामागे एक पाती असली की पहिलं केस ओढतं आणि मागचं तो कातडीच्या खाली कापतं. राठ, वळणाऱ्या केसांच्या माणसाचा असा केस बाहेर येताना आतच वळतो आणि पुळी धरते. मानेवरच्या पुरळाची तक्रार घेऊन येणाऱ्यांत बहुपात्यांचे ग्राहक जास्त का, याचं उत्तर मला यात सापडतं. आणि तिसरी गोष्ट खर्चाची. कार्ट्रिजचा दांडा ज्याचा, कार्ट्रिजही त्याचंच घ्यावं लागतं. दोन धारांच्या रेझरला टोपाझ घाला, सेव्हन ओ’क्लॉक घाला, नाही तर सुपरमॅक्सचं घाला, रेझर विचारत नाही.

दुसरा आक्षेप थेट आमच्या जिल्ह्याच्या परंपरेतला आहे, म्हणून मला तो जास्त अवघड वाटतो. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झाला. संघाच्या मगनवाडीत काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडला, निसर्ग परत भरून देतो ते वापरा, संपणारं जपून वापरा. त्या कसोटीवर टाकून द्यायचं पातं कसं उतरणार? वस्तरा मात्र एकदा घेतला की पिढ्यान्‌पिढ्या चालतो, दगडावर पाजळता येतो, पट्ट्यावर घासता येतो. शिवाय परंपराच हवी तर अर्धी कशाला? मला यात तथ्य दिसतं, तरीही नवशिक्याच्या हातात मी वस्तरा देत नाही. वस्तऱ्याचं टिकाऊपण वस्तऱ्यात नसतं, तो सांभाळणाऱ्या हातात असतं. चुकीच्या कोनात पट्ट्यावर फिरवला तर धार गोल होते, बाथरूममध्ये ओला राहिला तर गंजतो, आणि पाजळून देणारे कारागीर आता आर्वी-हिंगणघाटासारख्या गावांतही हुडकावे लागतात. सलूनवाल्यांनी स्वतः तो कधीच बाजूला ठेवला आहे. एड्स आणि काविळीच्या भीतीनंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं हा रिवाज झाला आणि हाती आला तो घडीचा दांडा. त्यात दोन धारांचं पातं कागदासकट मधोमध मोडून अर्धं बसवतात. कागदावर बोटं टेकवून पातं वाकवायचं, कट्‌ असा आवाज होतो, अर्धं आत सरकतं, अर्धं पुढच्या गिऱ्हाइकाला. खुद्द व्यावसायिकाने जे ओझं खाली ठेवलं ते अठरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर परंपरा म्हणून कशाला ठेवायचं? आणि टाकाऊपणाचंच बोलायचं तर कार्ट्रिजमध्ये प्लास्टिक, रबर आणि पोलाद असं एकजीव झालेलं असतं की कोणी वेगळं करू शकत नाही. पातं म्हणजे निव्वळ पोलाद, ग्रॅमभरही नाही. कुमारप्पांच्या तराजूत वस्तरा पहिला येईल, हे मी मान्य करतो. दुसरा नंबर कोणाचा, याबद्दल मला शंका नाही.

आता हाताकडे वळू, कारण निम्मं काम त्याच्याकडे राहिलं आहे. काउंटरच्या या बाजूने गाल वाचता येतो. हनुवटीच्या टोकावर छोटी आडवी चीर असेल तर तिथे कोन बदलायचा राहिला, वळणावर दांडा तसाच धरला. जबड्याच्या कडेखाली सलग लाली असेल तर दाब जास्त पडला. कंठमण्यावर कापलं असेल तर गिळण्यासारखं करून तो बाजूला घेतला नाही. मानेवर ठिपक्यांसारखे लाल दाणे असतील तर पहिल्याच दिवशी उलटी दाढी केली. यातली एकही चूक रेझर बदलून जात नाही, आणि तक्रार मात्र रेझरचीच येते. सगळ्यांत उशिरा सुटते ती दाबाची सवय. कार्ट्रिज दाबल्याशिवाय चालत नाही, तो दाब हातात मुरलेला असतो. म्हणून दांडा जरा जड असावा असं मी सांगतो. साधारण शंभर ग्रॅमच्या आसपासचं धातूचं रेझर शेपटाकडून दोन बोटांत हलकंच धरलं तर त्याच्या वजनानेच पातं चालतं. तिफण धरणाऱ्याला कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं हे जसं मातीच सांगते, तसं गालावर केस तुटण्याचा बारीक करकर आवाज सांगतो. आवाज येतोय तोवर कोन बरोबर आहे. आवाज थांबला आणि कातडी ओढली जाऊ लागली की कोन गेला. टोपी गालाला टेकवून दांडा हळूहळू खाली आणत राहायचं. कुठेतरी तीस अंशांच्या जवळपास तो आवाज सुरू होतो, आणि तो कान ओळखू लागला की निम्मी दाढी शिकून झाली. प्लास्टिकच्या हलक्या दोन धारांच्या रेझरात हे घडत नाही. वजन नसल्याने हात दाबतो, आणि दाबला की कापतं. वीस-तीस रुपयांत मिळतं म्हणून सुरुवातीला तेच घ्यावं, हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही.

रेझरच्या माथी मारलं जाणारं अजून एक पाप पाण्याचं असतं. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर बसलेला. विहिरी-बोअरच्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम भरपूर. अशा जड पाण्यात दाढीचा साबण फेस धरत नाही, त्याची चिकट पांढरी साय बनते. ती ना केस भिजवते, ना पात्याखाली घसरते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की उरलासुरला फेस पंख्याखाली मिनिटभरात वाळतो. मग कोरड्या गालावर पातं ओरबाडतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, रेझर बेकार निघालं. फेसासाठी वाटीभर आरओ फिल्टरचं किंवा उकळून गाळलेलं पाणी बाजूला ठेवलं तर हा प्रश्न मिटतो. उकळल्याने चुना बराचसा खाली बसतो. धुवायला बोअरचं चालतं. केस दोन-तीन मिनिटं नीट भिजला की तो कापायला लागणारा जोर बराच उतरतो, म्हणून आंघोळीनंतरची दाढी मऊ होते. शेवटी तुरटीचा खडा ओल्या गालावर फिरवायचा. जिथे झोंबलं तिथे आज हात चुकला, इतका सरळ हिशेब. अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह दारूबंदीच्या जिल्ह्यात खुलेआम विकावं लागतं ही आमच्या धंद्याची गंमत आहे, पण खडा त्याहून स्वस्त आणि जास्त बोलका.

मवाळ रेझरवर एक आक्षेप खेड्यातून येतो आणि तो पुस्तकी नाही. कास्तकार रोज दाढी करत नाही. गुरुवार, शनिवार, अमावास्या टाळून, वावरातल्या कामाच्या गर्दीत आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. पाच-सहा दिवसांची राठ वाढ सलग कडेच्या मवाळ रेझरखाली येते तेव्हा कड केसांना आधीच आडवं पाडते, फेस पुढे ढकलून देते, फट भरते, आणि प्रत्येक ओढीला मग्यात बुडवावं लागतं. ‘तुमचं हे मवाळ रेझर शहरातल्या नोकरदाराचं’ असं कोणी म्हटलं तर ते खरंच आहे. अशांसाठी फणीसारख्या दात्यांची कड असलेलं रेझर असतं. केस दात्यांमधून धारेपर्यंत पोचतात, फेसही तिथेच राहतो. पण तेही निवडताना फट लहानच बघावी. दाते आहेत म्हणून रेझर तिखट असलंच पाहिजे असं नाही, ही गैरसमजूत विक्रेत्यांतही आहे. दुसरा, बिनखर्चाचा उपाय म्हणजे आधी कात्रीने किंवा ट्रिमरने वाढ उतरवून मग सलग कडेचं रेझर वापरायचं. आणि उरलेल्या खुंटांबद्दल बोलायचं तर मवाळ रेझर एका फेरीत गाल काचेसारखा करत नाही, हे खरं. तो तसा करायचा असेल तर फेस पुन्हा लावून दुसरी फेरी आडवी घ्यायची. उलटी फेरी हात बसेपर्यंत मानेवर घ्यायचीच नाही. मास्क तोंडाला घट्ट बसावा म्हणून रोज तासून दाढी करणाऱ्या डॉक्टर मुलांनाही सुलटी आणि आडवी एवढं पुरतं.

किमतीबद्दल थोडक्यात. जस्ताच्या मिश्रधातूचं, क्रोमचा मुलामा दिलेलं देशी रेझर शिकायला पुरेसं आहे. मुलामा फुटला की आतला धातू खरवडतो आणि आट्या झिजतात, म्हणून दांडा पिळताना जोर करू नये आणि दाढी झाल्यावर रेझर सुकवून ठेवावं. पितळेचं किंवा स्टेनलेसचं घेतलं तर जन्माची काळजी मिटली. पण बाहेरदेशचं हजारोंचं रेझर पहिलंच म्हणून घेणाऱ्याला मी थोपवतो. त्याने दाढी वाईट होईल म्हणून नाही. एवढे पैसे गेल्यावर माणूस आपली चूक कबूल करत नाही आणि पात्यामागून पाती बदलत सुटतो. पात्यांचंही तसंच. जपानी फेदर सगळ्यांत धारदार म्हणून प्रसिद्ध आहे, पण अति धार शिकणाऱ्या हाताला परवडत नाही. मधल्या धारेचं कोणतंही देशी पातं घ्यावं आणि पाकीट संपेपर्यंत बदलू नये. पातं किती दिवस चालवायचं यात लोक फार कंजूष. केसापेक्षा पोलाद सुमारे पन्नास पट कठीण, मग केसाने ते बोथट कसं होईल, असं विचारतात. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिली. वाकलेला केस धारेला बाजूने भिडतो तिथे तिचे बारीक तुकडे उडतात, असं त्यांना दिसलं. ओढ जाणवू लागली की पातं बदलायचं, त्या दिवशी रुपये मोजायचे नाहीत. आणि जुनं पातं उघड्या कचऱ्यात टाकायचं नाही, नगरपरिषदेच्या गाडीवरची माणसं तो हाताने उपसतात. झाकणाला चीर पाडलेला पावडरचा रिकामा डबा बाथरूममध्ये ठेवला तर त्यात कित्येक वर्षांची पाती मावतात. भरला की तोंड ठोकून बंद करून भंगारवाल्याला सांगून द्यावा.

एवढं सगळं सांगूनही काही गिऱ्हाइकांना मी हे रेझर देत नाही. निम्मं कसब हाताकडे ठेवायचं तर हात तसा हवा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेला, साखरेने बोटांची जाणीव कमी झालेला, हात थरथरणारा, किंवा अंथरुणावरच्या वडिलांची दाढी दुसऱ्याने करायची असलेला, यांनी शिकण्याच्या नादी लागू नये. वाटणी सगळी यंत्राच्या बाजूने झुकवणं हाच तिथे शहाणपणा. वडिलांसाठी घेणारा मुलगा कधी कधी हट्ट धरतो, बाबांनी आयुष्यभर दोन धारांचंच वापरलं म्हणून. बाबांचा हात ते वापरत होता. आता वापरणारा हात मुलाचा आहे आणि गाल दुसऱ्याचा, सुरकुतलेला, तोही पडल्या पडल्या. त्याच्यासाठी चार्जिंगचा साधा ट्रिमर काढतो, एक मिलिमीटरची कंगवी लावून दाखवतो, आणि गाल दोन बोटांनी वर ताणून धरायला सांगतो.